तीस सिटिंगचे पैसे आगाऊ भरण्यापूर्वी : गुडघेदुखी आणि ॲक्युपंक्चर

साताऱ्याहून एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : ‘‘आईचे वय ६४ वर्षे. उजव्या गुडघ्याची झीज झाली आहे, एक्स-रे पाहून तिसरी ग्रेड सांगितली आहे. तिला बरीच वर्षे मधुमेह आहे आणि हृदयात स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. पेनकिलर घेतल्याशिवाय तिला घरातले काम होत नाही. ओळखीच्या एकांनी ॲक्युपंक्चर सुचवले. त्या केंद्रात तीस सिटिंगचे पॅकेज आहे, पैसे आगाऊ भरायचे, मोक्सा (पेटत्या कांडीचा शेक) आणि कपिंग (त्वचेवर पेले लावणे) त्यातच धरलेले. शिवाय ऑपरेशनची गरज राहणार नाही असेही सांगितले. डॉ. कोटणीसांनी आणलेली ही विद्या आहे, असे म्हणाले. यात तथ्य आहे की हे फक्त मनाचे समाधान? आई सुयांना घाबरते, तिला तयार करावे का?’’

मी वैद्यकीय पदवीनंतर ॲक्युपंक्चर शिकले आणि पुण्यात अनेक वर्षे प्रामुख्याने सांधेदुखीच्या व पाठदुखीच्या रुग्णांवर उपचार करते. त्यामुळे या उपचाराबद्दल मला आस्था आहे, हे आधीच सांगते. तरीही तुमचा प्रश्न ‘ॲक्युपंक्चर खरे की खोटे’ असा धरला तर उत्तराचा तुमच्या आईंना फारसा उपयोग होणार नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न असा आहे की, पेनकिलरवरचे अवलंबन कमी करून त्यांना चालते-फिरते कसे ठेवायचे, आणि त्या कामात सुयांचा उपयोग किती, कधीपर्यंत आणि कोणत्या खर्चात करून घ्यायचा.

पेनकिलरचा विषय मी मुद्दाम पहिल्यांदा घेते, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत तातडीची गोष्ट तीच आहे आणि ती तुम्ही ओझरती लिहिली आहे. स्टेंटनंतर दिल्या जाणाऱ्या दोन गोळ्या म्हणजे बहुधा ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. त्यांच्या जोडीला डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी रोज घेतली तर जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, मधुमेहाने आधीच नाजूक झालेल्या मूत्रपिंडांवर ताण येतो आणि हृदयालाही ती मानवत नाही. आयबुप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या कामातच अडथळा आणू शकते. तेव्हा ॲक्युपंक्चरचा निर्णय पुढच्या महिन्यात झाला तरी चालेल, पण आई कोणती गोळी किती घेतात हे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात सांगा आणि मूत्रपिंडांचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करून घ्या. गुडघ्यावर लावायचे डायक्लोफेनॅकचे जेल पोटात घेतलेल्या गोळीच्या मानाने रक्तात फारच कमी जाते. ते त्यांना चालेल का, हेही त्याच वेळी विचारा. स्टेंटच्या दोन गोळ्या मात्र कोणाच्याही सांगण्यावरून, ‘सुया लावायच्या आहेत’ म्हणूनसुद्धा, स्वतःहून बंद करू नका.

दुसरी गोष्ट निदानाची. मी आईंना तपासलेले नाही, आणि पुढचे बरेच काही त्या तपासणीवर अवलंबून आहे. एक्स-रेमधील झीज आणि प्रत्यक्ष दुखणे यांचा मेळ बसतोच असे नाही. चौथ्या, म्हणजे सर्वांत जास्त झिजेच्या, ग्रेडचे गुडघे घेऊन बाजारहाट करणारे लोक मी पाहते आणि दुसऱ्या ग्रेडला जिना न चढता येणारेही पाहते. मधुमेह असलेल्या, थोड्या स्थूल बायकांमध्ये गुडघ्याच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या फटीखाली तीन बोटांवर, जिथे मांडीचे स्नायूबंध नडगीच्या हाडाला चिकटतात, तिथली छोटी पिशवी सुजते. तिथे बोटाने दाबले की कळ उठते, आणि हे दुखणे सर्रास झिजेच्या खात्यावर मांडले जाते. काहींचे दुखणे मूळचे खुब्याचे किंवा कमरेतील नसेचे असते आणि ते गुडघ्यात जाणवते. दोन्ही हातांची बोटे सकाळी तासभर आखडत असतील तर आमवाताचा विचार करावा लागतो. गुडघा लाल होऊन तापला असेल, ताप असेल, वजन विनाकारण उतरत असेल, पाय लटका पडत असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर सुयांचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. अस्थिरोगतज्ज्ञांनी एक्स-रे उजेडात धरून ग्रेड सांगितली, पण गुडघ्याला हात लावला का, हे मला तुमच्या पत्रातून कळले नाही.

आता पुराव्याकडे येते. गुडघ्याच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चरच्या मोठ्या चाचण्या झाल्या आहेत, त्यांतील एक जर्मनीत २००६ साली प्रसिद्ध झाली. हजाराहून थोड्या अधिक रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला चिनी पद्धतीनुसार नेमक्या बिंदूंवर सुया दिल्या, दुसऱ्याला बिंदू नसलेल्या जागी अगदी वरवर सुया टोचल्या, तिसऱ्याला औषधे आणि डॉक्टरांचा सल्ला. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील ५३ टक्के, दुसऱ्यातील ५१ टक्के आणि तिसऱ्यातील २९ टक्के रुग्णांना ठरवलेल्या मापाइतका फरक पडला होता. त्याच मालिकेतील कंबरदुखीच्या चाचणीतही असेच चित्र दिसले : ४७.६, ४४.२ आणि २७.४ टक्के. या आकड्यांकडे सावकाश पाहावे असे मला वाटते. सुया घेतलेल्या रुग्णांना नेहमीच्या उपचारापेक्षा ठळक फायदा झाला, हे खरे. आणि ‘योग्य’ बिंदू व ‘चुकीची’ जागा यांत फरक जवळजवळ दिसला नाही, हेही तितकेच खरे. पुढे २०१८ मध्ये जुनाट दुखण्यांच्या ३९ चाचण्यांतील सुमारे २१ हजार रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा खऱ्या सुया नकली सुयांपेक्षा थोड्या सरस ठरल्या, सुया न घेणाऱ्यांच्या तुलनेत फरक बराच मोठा दिसला, आणि वर्षभरानंतरही तो बऱ्यापैकी टिकला होता. उलट ऑस्ट्रेलियातील २०१४ च्या चाचणीत पन्नाशीपुढच्या गुडघेदुखीच्या रुग्णांना खऱ्या सुयांचा नकली उपचारापेक्षा वेगळा फायदा आढळला नाही.

याच पुराव्यावरून दोन जबाबदार संस्थांनी वेगवेगळे निष्कर्ष काढले आहेत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत झिजेच्या सांधेदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असे म्हटले. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या सूचनांत गुडघ्यासाठी त्याची सशर्त शिफारस केली. पहिल्यांनी नकली सुयांशी तुलना मोलाची मानली, दुसऱ्यांनी रुग्णाला मिळणारा एकूण आराम आणि कमी धोका. मी माझ्या दवाखान्यात दुसऱ्या बाजूला झुकते, पण पहिल्यांचा आक्षेप विसरून नाही. तो लक्षात ठेवल्यामुळेच मी रुग्णाला ‘तुमच्या अमुक नाडीतील अडथळा दूर केला म्हणून बरे वाटले’ असे सांगत नाही. रुग्णाला मिळणाऱ्या आरामात सुईचा वाटा आहे; शांत झोपून राहण्याचा, कोणीतरी लक्ष देऊन गुडघा चाचपण्याचा आणि बरे वाटेल या अपेक्षेचाही आहे. म्हणून तुमच्या ‘तथ्य की मनाचे समाधान’ या प्रश्नाला माझे उत्तर असे : दुखणे कमी होते, आणि त्यात मनाचाही हात असतो, झिजलेली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत अस्तर, मात्र सुईने भरून येत नाही. ती भरून येईल असे कोणी सांगत असेल तर तेथून उठून यावे.

सुई शरीरात काय करते, याबद्दल बरेचसे कळलेले आहे. स्नायूत सुई फिरवली की तिथल्या संवेदक तंतूंकडून मज्जारज्जूकडे आणि मेंदूकडे संदेश जातात आणि शरीर स्वतःची अफूसदृश द्रव्ये, एंडॉर्फिन, सोडते. ही द्रव्ये रोखणारे नॅलॉक्सोन नावाचे औषध दिले की सुयांचा वेदनाशामक परिणाम कमी होतो, हे १९७० च्या दशकातील प्रयोगांत दिसले होते. २०१० मध्ये उंदरांवरील प्रयोगात सुईच्या जागी ॲडेनोसिन हे द्रव्य वाढून तिथली वेदना कमी होताना दिसली. चिनी ग्रंथांची ‘ची’, म्हणजे शरीरात वाहणारी जीवनशक्ती, आणि तिचे मार्ग ही दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्यांची मांडणी आहे. ती शिकल्याने कोणत्या ठिकाणांचा एकत्र विचार करायचा याची शिस्त लागते, म्हणून मी ती शिकवतेही. ती शरीररचनेच्या जागी मात्र ठेवत नाही.

प्रत्यक्ष सिटिंगमध्ये काय होते ते सांगते, म्हणजे आईंना कल्पना देता येईल. रुग्णाला मी उताणे झोपवते आणि गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवते, त्यामुळे गुडघा किंचित वाकलेला आणि सैल राहतो. वाटीच्या खाली, मधल्या जाड स्नायूबंधाच्या दोन्ही बाजूंना दोन खळगे असतात, त्यांना चिनी वैद्य गुडघ्याचे डोळे म्हणतात. वाटीच्या खालच्या कडेपासून चार बोटे खाली आणि नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेर, जिथे पाऊल वर ओढले की स्नायू फुगतो, तो ‘झूसान्ली’ हा बिंदू. मांडीच्या पुढच्या स्नायूंत वाटीच्या वर दोन, आतल्या बाजूला नडगीच्या डोक्याखाली एक. एवढ्यावर पहिल्या वेळी भागते. सुई पाव मिलिमीटर जाडीची असते. इंजेक्शनची नेहमीची २४ नंबरची सुई तिच्या दुपटीहून जाड असते. सुई एका बारीक नळीत असते, नळी त्वचेवर टेकवून वरून टिचकी मारली की ती आत गेल्याचे बहुतेकांना कळतही नाही. ही नळी सतराव्या शतकातील जपानी वैद्य सुगियामा वाइची यांची देणगी मानली जाते. ते अंध होते आणि बोटांच्या स्पर्शावर काम करत.

खरी जाणीव त्यानंतर येते. सुई स्नायूत नेऊन हलकेच फिरवली की रुग्ण सांगतो, ‘जड झाले’, ‘आत ठसठसले’, ‘मुंग्या खाली पावलापर्यंत गेल्या’. ही जाणीव आली की मी हात थांबवते. विजेचा झटका बसल्यासारखी किंवा जळजळती कळ आली तर ती नसेची असते आणि सुई लगेच मागे घ्यावी लागते. वीस-पंचवीस मिनिटे सुया ठेवल्या जातात. त्या रात्री दुखणे थोडे वाढू शकते, एखादा निळसर डागही पडतो. आईंच्या गोळ्यांमुळे असे डाग जरा जास्त पडतील, म्हणून सुई काढल्यावर कापसाने एरवीपेक्षा अधिक वेळ दाबून धरायला सांगा. जर्मनीतच २ लाख २९ हजार रुग्णांची नोंद ठेवली गेली तेव्हा ८.६ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला होता, त्यांत सर्वाधिक रक्त येणे किंवा डाग पडणे हेच होते. फुप्फुसाला इजा झालेले दोन रुग्ण निघाले. असा धोका खांद्यावरील व छातीच्या पाठीमागील बिंदूंवर असतो, गुडघ्यावर नव्हे. गुडघ्यावर जपायची गोष्ट म्हणजे जंतुसंसर्ग. डोळ्यांसारख्या त्या खळग्यांतून सुई खोल गेली तर ती सांध्याच्या पोकळीत जाऊ शकते, आणि साखर वाढलेली असताना सांध्यात जंतू शिरणे फार महागात पडते. म्हणून एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारी तपासणी) बरेच वाढलेले असेल तर मी ते आटोक्यात येईपर्यंत थांबते आणि एरवीही या दोन जागी सुई उथळच ठेवते. प्रत्येक सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे आणि वापरून झाल्यावर सुयांच्या बंद डब्यात गेली पाहिजे. ‘तुमच्या नावाची सुई धुऊन ठेवतो’ हे उत्तर चालणार नाही.

आणखी एक सूचना आपल्याकडच्या सवयींमुळे द्यावी लागते. उपाशीपोटी सुया घेतल्या तर घेरी येते, आणि मधुमेहाची गोळी घेऊन एकादशीचा किंवा चतुर्थीचा उपवास असेल तर साखर उतरण्याची भर पडते. आईंनी जेवून तास-दीड तासाने जावे आणि सुया झोपूनच घ्याव्यात.

मोक्सा आणि कपिंग पॅकेजमध्ये धरलेले आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या आईंच्या बाबतीत मी दोन्हींना नकार देईन. मोक्सा म्हणजे एका आर्टेमिसिया जातीच्या झुडपाची वाळवून कुटलेली, कापसासारखी मऊ झालेली पाने. चैत्रात ज्योतिबाला वाहिला जाणारा आपला दवणा त्याच कुळातला. त्या कापसाची कांडी पेटवून ती त्वचेपासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरतात आणि बिंदूला उबदार शेक देतात. गावाकडे दुखऱ्या जागी डाग देण्याची जी पद्धत होती तिच्याशी याचा गोंधळ करू नये. चांगल्या हातात मोक्साने ऊब लागते, भाजत नाही. पण ‘आता गरम लागले’ हे सांगण्याची जबाबदारी रुग्णाची असते, आणि बरीच वर्षे मधुमेह असलेल्या रुग्णाच्या पायांना गरम लागल्याचे वेळेवर कळत नाही. पायाला फोड येतो, तो चिघळतो, आणि गुडघ्यासाठी गेलेला माणूस जखमेच्या ड्रेसिंगसाठी महिनोन्‌महिने खेटे घालतो. आईंच्या तळव्यांची संवेदना तपासली आहे का? दहा ग्रॅमच्या दाबाने वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून ही तपासणी पाच मिनिटांत होते. ती झाल्याशिवाय गुडघ्याखाली कोणताही शेक घेऊ नये, गरम पाण्याची पिशवीसुद्धा.

कपिंग म्हणजे वैदू लोक लावत ती तुंबडी, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पेल्यांनी. पेल्यातील हवा काढून त्वचा वर ओढली जाते, बारीक केशवाहिन्या फुटतात आणि आठवडाभर जांभळी वर्तुळे राहतात. पाठीच्या जाड स्नायूंवर त्याने अनेकांना मोकळे वाटते, हे मी पाहते. हाडाळ गुडघ्यावर पेला नीट बसतही नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू असताना केशवाहिन्या मुद्दाम फोडण्यात मला काहीच फायदा दिसत नाही. त्वचेवर छेद देऊन रक्त काढण्याचा प्रकार तर त्यांच्यासाठी पूर्णपणे वर्ज्य समजा. बोथट कडेच्या वस्तूने त्वचा घासून लाल करण्याच्या ‘ग्वाशा’ला हेच लागू.

ॲक्युप्रेशर आणि सुजोक (हातापायांवरील बिंदू दाबण्याची पद्धत) यांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण घरात ते असणारच. बोटांच्या पेरांवर मेथीचे दाणे चिकटवल्याने अपाय होत नाही. गुडघ्याला त्याचा किती उपयोग होतो याला भक्कम आधार नाही, बरे वाटत असेल तर करू द्यावे. टोचऱ्या खिळ्यांच्या ॲक्युप्रेशर चपला, काटेरी रोलर आणि पट्ट्या मात्र आजच घराबाहेर काढा. जत्रेत आणि प्रदर्शनांत त्या सर्रास विकल्या जातात, आणि बधिर तळव्यांना त्यांनी झालेली जखम घरच्यांना दुर्गंधी येईपर्यंत कळत नाही.

पूर्व आशियातील उपचारांपैकी गुडघ्याच्या झिजेसाठी मी ज्याची सर्वांत मनापासून शिफारस करेन, त्यात सुई, शेक किंवा पेला यांपैकी काहीच नाही. ते म्हणजे ताई-ची, सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम. वर सांगितलेल्या अमेरिकी संघटनेने ॲक्युपंक्चरची सशर्त शिफारस केली, पण ताई-चीची ठाम शिफारस केली. बोस्टनमध्ये गुडघ्याची झीज असलेल्या २०४ जणांवर चाचणी झाली. एका गटाने आठवड्यातून दोनदा असे बारा आठवडे ताई-ची केले, दुसऱ्याने तज्ज्ञ फिजिओथेरपी घेतली. दुखणे आणि हालचाल दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात सुधारली आणि मनाची उदासी ताई-चीच्या गटात अधिक कमी झाली. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. गुडघे किंचित वाकवून, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर इतक्या सावकाश न्यायचा की मांडीचे स्नायू सतत काम करत राहतात, तोल सुधारतो आणि सांध्याला हिसका बसत नाही. साताऱ्यात शिकवणारे कोणी मिळाले नाही तर अडून राहू नका. मांडीचे पुढचे स्नायू बळकट करणे हे त्यातील मर्म आहे आणि ते फिजिओथेरपिस्टकडूनही साधते. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबणे, पाय सरळ ठेवून वीतभर उचलून धरणे, आणि उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, हे तीन व्यायाम रोज व्हावेत. त्याबरोबर वजन. शरीराचे एक किलो वजन उतरले तर सपाटीवर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. काठी वापरायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, म्हणजे आईंनी डाव्या हातात.

मग सुयांचे काम काय उरले? माझ्या दवाखान्यात मी त्यांचे काम एवढेच ठरवते की दुखणे इतके उतरवायचे की रुग्ण व्यायाम करू लागेल आणि गोळी सोडू शकेल. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस व्यायाम टाळतो, व्यायाम टाळल्याने मांडी बारीक होते आणि बारीक मांडीचा गुडघा अधिक दुखतो. हे चक्र कुठेतरी तोडावे लागते, आणि आईंना तोंडाने घ्यायच्या वेदनाशामक गोळ्यांची वाट जवळपास बंद असल्याने त्यांच्या बाबतीत सुया करून पाहणे मला योग्य वाटते. ज्या रुग्णाने सुया घेतल्या आणि घरी येऊन पलंगावर पडून राहिला, त्याचा आराम माझ्या पाहण्यात टिकत नाही.

यावरून पॅकेजचा हिशेब करा. जर्मन चाचण्यांत दहा सिटिंग ठरलेल्या होत्या, आणि ज्यांना थोडासाच फरक पडला त्यांनाच आणखी पाच देण्याची मुभा होती. तीसचे पैसे पहिल्या दिवशी घेण्याला वैद्यकीय आधार मला दिसत नाही. आठवड्यातून दोनदा अशा सहा ते आठ सिटिंग ठरवा, पैसे प्रत्येक वेळी द्या. सुरू करण्यापूर्वी वहीत तीन गोष्टी लिहून ठेवा. तीस सेकंदांत आई खुर्चीवरून हात न टेकता किती वेळा उठू शकतात. घराचा जिना किंवा ठरावीक रस्ता चालताना शून्य ते दहामध्ये दुखणे किती. आणि आठवड्यात पेनकिलरच्या किती गोळ्या लागतात. पूर्वी जमत असलेले एखादे त्यांचे स्वतःचे काम, देवपूजेला पाटावर बसणे असो की भाजी आणायला जाणे, तेही लिहा. सहाव्या सिटिंगनंतर हीच मापे पुन्हा घ्या. ‘बरे वाटते का?’ असे विचारू नका, कारण मुलाने खर्च केला म्हणून आई बरे वाटते असेच सांगेल. मापे हलली नसतील तर थांबा. हलली असतील तर अंतर वाढवत, आठवड्याला एक, मग पंधरवड्याला एक, अशा आणखी थोड्या घेऊन थांबा.

उपचारक निवडताना नोंदणी पाहा. महाराष्ट्रात २०१५ चा ॲक्युपंक्चर कायदा आहे आणि त्यानुसार राज्य परिषदेकडे उपचारकांची नोंदणी होते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. तुमच्या केंद्राने सांगितलेली कोटणीसांची गोष्ट तेवढी दुरुस्त करून घ्या. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, शल्यचिकित्सक म्हणून जखमी सैनिकांसाठी अहोरात्र राबले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तेथेच वारले. भारतात ॲक्युपंक्चर रुजवण्याचे श्रेय त्याच पथकातील त्यांचे सहकारी डॉ. बिजॉयकुमार बसू यांना जाते. त्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये ते शिकून कोलकात्यात उपचार सुरू केले. कोटणीसांबद्दलच्या आदरापोटी अनेक केंद्रांना त्यांचे नाव दिलेले आहे, ते योग्यच आहे. पण ते नाव भिंतीवर असणे ही उपचारकाची पात्रता होत नाही. पात्रता त्याच्या प्रश्नांवरून कळते. पहिल्या भेटीत त्याने स्टेंट, गोळ्या, साखर आणि पायांची बधिरता विचारली नाही, किंवा पेसमेकर आहे का हे न विचारता सुयांना विजेचे यंत्र जोडू लागला, तर दुसरीकडे जा.

ऑपरेशन टळेल का, याचे प्रामाणिक उत्तर असे की काहींचे पुढे जाते, काहींचे लागतच नाही, आणि ते सुयांपेक्षा मांडीच्या ताकदीवर, वजनावर आणि झिजेच्या वेगावर अधिक ठरते. रात्री दुखण्याने झोप मोडू लागली, पाय बाहेर वाकू लागला किंवा चालणे घरापुरते आकसले, तर सुया लावून दिवस काढू नयेत. फार उशिरा, स्नायू पूर्ण गळाल्यावर केलेल्या सांधेबदलानंतर सावरायला अधिक कष्ट पडतात. आता केलेला व्यायाम तेव्हाही उपयोगी येतो. आणि सांधा बदललाच तर त्या कृत्रिम सांध्याभोवती पुढे कधीही सुया लावू नयेत, हे आजच लिहून ठेवा.

राहिला आईंच्या भीतीचा प्रश्न. त्यांना पटवण्याच्या मागे लागू नका. घाबरलेल्या रुग्णाचे स्नायू आवळलेले असतात, सुई दुखते आणि घेरीही लवकर येते. मी अशा रुग्णाला आधी सुई हातात देते, बोटाने वाकवून पाहू देते, मग झूसान्लीला एकच सुई लावते आणि पाच मिनिटांनी काढते. त्यानंतर पुन्हा यायचे की नाही हे रुग्णाने ठरवायचे, घरच्यांनी नाही. आई नको म्हणाल्या तर त्यांचे फार काही हुकले असे समजू नका. त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्यांतून सौम्य वीज देणारे टेन्स यंत्र फिजिओथेरपिस्टकडे असते, त्वचेची संवेदना शाबूत असेल तर ते गुडघ्यावर लावता येते. व्यायामाची सुरुवात त्याच्या आधारानेही करता येईल, आणि ती याच आठवड्यात, क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणायला जाल त्याच फेरीत ठरवून टाका.